वरच्या फळीवरची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी उघाडी आहे. नाव ऐकून हसू नका. शहरातल्या मुलांनी हे नाव ऐकलेलं नसतं, आणि हल्ली गावातल्या मुलांनाही ते ठाऊक नसतं, म्हणून आधी मी कोण ते सांगते. पेणच्या खाली, धरमतरच्या खाडीला लागून जी भातशेती आहे तिला खार म्हणतात. ही जमीन उधाणाच्या पाण्यापेक्षा खोल असते. खारं पाणी आत शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घालतात. पण मग पावसाचं पाणी आत तुंबणार, ते बाहेर कसं जायचं? त्यासाठी बांधाच्या पोटात एक दगडी वाट ठेवतात आणि तिला खाडीच्या अंगानं एक लाकडी दार टांगतात. भरती आली की खाडीच ते दार दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. ते दार म्हणजे मी. मला कडी नाही, कुलूप नाही. पाण्याबरोबर उठायचं आणि पाण्याबरोबर बसायचं, एवढंच मला येतं.

माझं माहेर रोह्याकडचं. तिथल्या एका उंच माळावर मी ऐनाचं झाड म्हणून उभी होते. कितीही पाऊस पडो, त्या माळावर पाणी म्हणून थांबत नसे, पडलं की घरंगळलं. खारेपाटातला, म्हणजे ह्या खारजमिनीच्या भागातला, काळुराम नावाचा शेतकरी सुताराला घेऊन तिथं आला, चार झाडांना ठोकून पाहिलं आणि मला पसंत केलं. करवतीखाली गेले तेव्हा फार दुखलं, खोटं कशाला सांगू? पण फळ्या एकावर एक जोडून, लोखंडी पट्ट्या मारून, डांबर पाजून मला बैलगाडीत घातलं, आणि गावात आले तेव्हा बायकांनी हळदकुंकू लावून मला उतरवून घेतलं. नारळी पौर्णिमेला पहिला नारळ खाडीला आणि दुसरा मला, असा मान होता माझा.

तो काळ वेगळा होता, मित्रांनो. उधाणानं कधी बांध फोडला तर त्याला खांड पडली म्हणत. खांड पडली की गावात हाळी जायची आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर हजर व्हायचा. ह्याला जोळ म्हणत. घरात मयत असो की लग्न, जोळीला माणूस आलाच पाहिजे. ज्या घरचा येणार नाही, त्या घरचा नारळ त्या वर्षी खाडीत पडत नसे. ही एवढीच शिक्षा, पण तिला सगळे भ्यायचे.

माझी राखण काळुरामच्या घराकडे होती. उधाणाची भरती पुरी भरून उतरली की तो माझ्या अंगावर हात फिरवून बघायचा. जिथवर पाणी चढलं असेल तिथं वाळल्यावर मिठाची पांढरी रेघ उरायची. ही रेघ वरच्या फळीवर असायची, लोखंडी पट्टीच्या वर दोन बोटं. ती बघून तो बांधावर माती चढवून घ्यायचा. त्याचा मुलगा कमळाकर तेव्हा एवढासा होता. तो त्या रेघेला जीभ लावून बघायचा आणि बापाचा धपाटा खायचा. पुढं काळुराम गेला आणि माझी राखण कमळाकरकडे आली.

आणि माझे दिवस फिरले. कोणी वैर केलं म्हणून नाही हो, लोकांना वेळच उरला नाही. तरणी माणसं कंपनीत लागली. कोणाची सकाळची शिफ्ट, कोणाची दुपारची. हाळी दिली तरी जोळीला चार म्हातारे यायचे, मग दोन, मग कोणीच नाही. बांध खचत गेला. निम्मी खार मिठानं पांढरी पडली. एकटा कमळाकर काय तो यायचा, माझ्या बिजागऱ्यांना तेल द्यायचा, फटीत चिखल भरायचा. लोक त्याला चिडवायचे, की कमळ्यानं उघाडीशी दुसरं लगीन लावलंय. तो हसायचा आणि तेलाची बाटली कनवटीला लावून माझ्याकडे यायचा.

त्याला एकच मुलगी, किमया. ही पोर कबड्डी खेळायची. आमच्या भागात कबड्डी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. भात कापून झालं की रिकाम्या खाचरात पोरी रेघा मारून खेळायच्या. जमीन अशी कडक की गुडघे सोलून निघायचे, पण किमयाला त्याचं काही नाही. चढाईला गेली की तिला धरायची छाती नव्हती कोणाची. पेणच्या कॉलेजात गेली आणि विद्यापीठाच्या खेळाच्या मॅडमनी तिला हेरलं. ह्या मॅडमचं नाव मनाली, राहणार रोह्याच्या. त्यांनी सांगितलं की मुलगी पुढं जाईल, पण तिला बाराही महिने मॅटवर खेळायला मिळालं पाहिजे. तिथंच घोडं पेंड खात होतं. पावसाळ्यात आमच्याकडे खाचरात पाणी, अंगणात चिखल, शाळेच्या पडवीत गुरं. चार महिने पोरीचा खेळ बंद, आणि विद्यापीठाच्या संघाची निवड नेमकी पावसाळा सरताना. दोन वर्षं ती निवडीला गेली आणि दोन्ही वर्षं दम कमी पडून परत आली. दुसऱ्या वेळी ती घरी न जाता बांधावर माझ्यापाशी येऊन बसली आणि खूप रडली. कमळाकर तिला शोधत आला. तो तिच्या शेजारी बसला. पण त्या दिवशी त्याच्या मनात काय शिरलं ते मला कळलं. आपल्या पोरीच्या डोक्यावर एक छप्पर पाहिजे, आणि ते घराजवळ पाहिजे.

तेवढ्यात बातमी आली की विद्यापीठाला नवं क्रीडासंकुल बांधायचं आहे. वर छप्पर, खाली मॅट, भोवती माणसांना बसायला पायऱ्या. निम्मे पैसे सरकार देणार, निम्मे विद्यापीठानं उभे करायचे आणि जागा फुकट मिळवायची. जागा दोन निघाल्या. एक रोह्याचा माळ, माझ्या माहेरचा. दुसरी आमच्या गावकीची खार, वडखळ नाक्याजवळची. रोह्याच्या माळावर पाणी थांबत नव्हतं, पण तिथं पैसे घालायला कोणी पुढं येत नव्हतं. आमच्या खारीसाठी मात्र मुंबईचे एक शेठ उरलेले सगळे पैसे द्यायला तयार होते. त्यांची अट एकच, त्यांच्या वडिलांचं नाव हायवेवरून वाचता आलं पाहिजे. मित्रांनो, एवढी मोठी इमारत कुठं उभी राहणार ते खेळाडूंच्या सोयीनं नाही, जमिनीच्या उंचीनं नाही, तर गाडीच्या खिडकीतून पाटी कुठं दिसते ह्यावरून ठरत होतं. मी लाकूड, मला काय कळतं म्हणा.

तरी विद्यापीठाची समिती अडून बसली होती. मनाली मॅडम म्हणत होत्या की खाडीकाठी पाणी चढतं, रोहाच बरं. त्यावर ठरलं की समितीनं येऊन जागा डोळ्यांनी बघायची. पाणी चढतं असं दिसलं तर रोहा, नाही दिसलं तर आमची खार.

कमळाकरच्या घरात ह्यावरून वाद झाला. त्याची बायको इंदुबाई सरळ बाई. तिचं म्हणणं, संकुल रोह्याला होऊ दे, पोर एसटीनं जाईल. रोहा काय परदेशात आहे? कमळाकरचं म्हणणं, चार दिवस जाईल, मग अंधार पडायला लागेल, मग लोक बोलायला लागतील, मग तूच तिला बस म्हणशील. इंदुबाईनं वाद सोडला, कारण तिच्या बहिणीच्या पोरीचं असंच झालं होतं.

शेठचा पुतण्या हितेश गाडी घेऊन गावात आला आणि समितीला कधी आणू असं विचारू लागला. गावात पुष्कळ माणसं होती, पण उत्तर कमळाकरनं दिलं. म्हणाला, अष्टमीला आणा, दुपारी जेवणवेळेला.

हितेशला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्हालाही वाटणार नाही. पण खाडीकाठचं शेंबडं पोर सांगेल, की अमावस्या-पुनवेला उधाण असतं आणि अष्टमीला भांग. भांगाचे दिवस म्हणजे खाडी झोपलेली. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि जेवणवेळेला तर ओहोटीच असते. त्या दिवशी कोणी खार बघितली तर म्हणेल, छे, इथं कुठलं पाणी! ज्या विद्येनं ह्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी बाहेर ठेवलं, तीच विद्या त्यानं पाणी लपवायला वापरली.

एवढ्यावर तो थांबला असता तरी बरं होतं. समिती यायच्या आदल्या दिवशी तो नारळाचा काथ्या घेऊन माझ्याकडे आला. वरच्या फळीवरची मिठाची रेघ त्यानं घासून घासून काढली, त्यावर चिखल चोळला आणि पुन्हा पाणी मारलं. इतक्या वर्षांत त्याचा हात माझ्या अंगावरून कितीदा फिरला असेल, पण तो असा कधी लागला नव्हता. घासताना तो माझ्याकडे बघतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. साहेब लोक बांधावर चढले. खाडी खाली चिखलात निजली होती, बगळे चरत होते, आत खार कोरडी ठणठणीत. हितेश सगळ्यांना नारळपाणी देत होता. इंजिनिअर साहेबांकडे धरमतरच्या धक्क्यावरच्या पाण्याचे आकडे होते, पण खाडीच्या आमच्या ह्या चिंचोळ्या फाट्यात पाणी किती फुगतं ते त्यांत नव्हतं. हे मनाली मॅडमच्या लक्षात आलं. त्या चिखल तुडवत माझ्यापर्यंत खाली उतरल्या आणि त्यांनी कमळाकरला विचारलं, की मोठ्या उधाणाला पाणी ह्या दारावर कुठवर येतं?

कमळाकरनं माझ्याकडे पाहिलं. मग हात उचलला आणि माझ्या मधल्या फळीवर ठेवला.

"इथवर," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या वेळंपासनं इथवरच."

मॅडमनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं. पण हा किमयाचा बाप होता. ज्या पोरीला त्यांनी घडवलं तिचा बाप कशाला खोटं बोलेल? त्यांनी मान हलवली. इंजिनिअर साहेबांनी पट्टी लावून मधली फळी मोजून घेतली. बांधावर किमया उभी होती. तिला खालचं बोलणं ऐकू आलं नाही, पण मॅडमनी मान हलवली ते दिसलं आणि तिनं आनंदानं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

संकुल आमच्याकडे आलं. गावात पेढे वाटले. मग डंपर सुरू झाले. भरावासाठी मुरूम कुठून आला माहीत आहे? रोह्याकडच्या डोंगरातून. माझ्या माहेरची उंच जमीन खणून आणून सासरच्या खोल जमिनीत ओतत होते, आणि मी बघत होते. भराव गावाच्या अंगणांपेक्षा वर गेला. मग एके दिवशी क्रेन आली आणि मला बिजागऱ्यांतून उपटून बांधाच्या उतारावर टाकून दिलं. माझी दगडी वाट सिमेंटनं बुजवली. तिच्या जागी, थोडा वर, सिमेंटचा एक पाइप घातला, माणूस वाकून आत शिरेल एवढा. पाइपाला झडप नव्हती. पाणी मधल्या फळीच्या वर चढतच नाही, आणि पाइपाचं तोंड तर तिच्या हातभर वर आहे, मग झडप कशाला? हिशोब अगदी चोख होता.

कमळाकरनं तो उघडा पाइप पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. तो हितेशकडे गेला आणि पाइपाला झडप लावा म्हणाला. हितेशनं विचारलं, की काका, तुम्हीच सांगितलंत ना पाणी येत नाही म्हणून? मग झडप कशासाठी? कमळाकर तसाच माघारी फिरला. खरं सांगावं तर काम थांबणार, समिती रोह्याला जाणार, आणि पोर पुन्हा बांधावर येऊन रडणार. तोवर छताचे खांब उभे राहिले होते आणि किमया रोज कॉलेजातून आली की ते बघायला धावत जात होती.

घरी इंदुबाईनं त्याला ताटावर बसूच दिलं नाही. "अवो, जा नि मॅडमला खरं सांगा," ती म्हणाली. "पोरीला मी रोह्याला सोडीन. पन हे पानी आपल्याच घरात येनार हाय."

तो म्हणाला, एवढा पावसाळा जाऊ दे, छप्पर पुरं होऊ दे. तिचं एकदा खेळून होऊ दे. मग सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं मला उतारावरून ओढत पाइपाजवळ आणलं, माझ्या पट्टीला जाड दोर बांधला आणि दोराचं टोक वर खुंटाला अडकवून ठेवलं. वेळ आलीच तर मला पाइपाच्या तोंडावर टाकायचं, असं त्याच्या मनात होतं. त्यानं मला पुन्हा तेलही लावलं. मला बिजागऱ्या उरल्या नव्हत्या, तरी लावलं.

आषाढाची अमावस्या आली, दिव्यांची अवस. दोन दिवस पाऊस ओतत होता. इंदुबाईनं दिवे घासून पाटावर मांडले होते. दुपारच्या उधाणाची वेळ झाली आणि खाडी चढू लागली. मधल्या फळीची उंची कधीच मागं पडली. पाणी पाइपाच्या तोंडाला लागलं आणि मग आत घुसलं. एरवी ते खारीभर पसरलं असतं, पण आता खारीत भराव होता. त्यामुळं ते सगळं वळून गावाकडे गेलं. संकुलाचा भराव कोरडा राहिला आणि माणसांच्या चुली विझल्या.

कमळाकर बांधावर धावत आला आणि त्यानं जोळीची हाळी दिली. जुन्या पद्धतीनं दिली, हात तोंडाशी धरून, तीनदा. कोणी आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. निम्मी माणसं शिफ्टला होती आणि उरलेली म्हाताऱ्यांना, गुरांना, तांदळाच्या कणग्यांना उचलून शाळेत नेत होती. ज्याच्या घरात पाणी शिरलं आहे तो दुसऱ्याच्या हाळीला कसा येणार? एक किमया तेवढी आली. घरटी एक माणूस म्हणतात ना, त्याच्या घरची दोन माणसं जोळीला आली होती.

बापलेकीनं मिळून मला ओढलं. चिखलात पाय ठरत नव्हते. पाइपापाशी पोचल्यावर कमळाकर थांबला. पाणी कुठवर चढलंय ते त्यानं पाहिलं आणि माझ्या वरच्या फळीवर हात ठेवला.

"पानी इथवर येतं गो किमया," तो म्हणाला. "पट्टीच्या वर दोन बोटं. मी मॅडमला खोटं सांगितलं."

कोणासाठी, ते त्यानं सांगितलं नाही.  किमयानं दोर कमरेला गुंडाळला आणि पाय रोवून उभी राहिली. चढाईवालीला धरताना पोरी उभ्या राहतात तशी. तो मला घेऊन खाडीच्या बाजूनं पाण्यात उतरला.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. पाण्याची ओढ फार होती. मला पाइपाच्या तोंडावर सरळ बसवायला तो माझ्या आणि पाइपाच्या मधे गेला. त्याला वाटलं, बसवीन आणि बाजूला होईन. पण खाडीनं मला एकदम उचललं आणि दाबलं. मी बसले. जन्मभर जे शिकले होते तेच केलं, भरतीबरोबर घट्ट बसले. पाइपातलं पाणी थांबलं. गावात शिरणारी धार तुटली. आणि कमळाकर माझ्या मागं अडकला होता, पाण्याखाली.

किमयानं दोर ओढला. हाताची सालं निघेपर्यंत ओढला. तिचं ओरडणं ऐकून गावातला म्हातारा जनू आला, मग आणखी माणसं आली, शेवटी सगळा गाव आला. घरटी एक नाही, घरटी दोन-दोन, तीन-तीन. सगळ्यांनी दोराला हात घातला. पण भरतीला मी कोणाच्या ओढण्यानं उघडत नाही, मित्रांनो. मला तसंच घडवलं होतं. ओहोटी लागेपर्यंत ते सगळे पावसात दोर धरून उभे राहिले. ओहोटी लागली, मी आपोआप सुटले आणि मग त्यांनी कमळाकरला बाहेर काढलं. इंदुबाई रडली नाही. तिनं पदरानं त्याच्या कानातला चिखल पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिली.

बाकीचं किमयानं आईकडून काढून घेतलं आणि मॅडमना सगळं सांगितलं. अष्टमी का निवडली, रेघ कशी घासली, हात कुठं ठेवला. बापाचं नाव जाईल म्हणून लोकांनी तिला गप्प राहायला सांगितलं होतं, पण तिनं ऐकलं नाही. मॅडमनी ते समितीपुढं ठेवलं. समितीनं दुःख व्यक्त केलं. छप्पर झालं होतं, पैसे लागले होते, नावाची पाटी हायवेवरून दिसत होती. पाइपाला एक लोखंडी झडप बसवली आणि दिवाळीनंतर संकुलाचं उद्घाटन झालं. त्या वर्षी गावात भात झालं नाही. जमिनीत मीठ मुरलं होतं.

माझं काय झालं? माझा मोठा सन्मान झाला. जुन्या वस्तूंची हल्ली आवड आहे ना लोकांना. जवळच्या जोहे गावच्या गणपती कारखान्यातला एक रंगारी बोलावून मला घासून पुसून वॉर्निश दिलं आणि संकुलाच्या दारात, आतल्या भिंतीवर टांगलं. खाली पितळी पाटी आहे. तिच्यावर लिहिलं आहे की ही खारेपाटाची पारंपरिक उघाडी, आणि खाली शेठचं नाव. कमळाकरचं नाव नाही, काळुरामचंही नाही. येणारे जाणारे माझ्यापुढं उभे राहून फोटो काढतात. मी उठत नाही, बसत नाही. नुसती आहे.

आणि गंमत बघा. पावसाळ्यात इथं मॅटखालून ओल येते, म्हणून पावसाळ्याचे चार महिने इथं खेळ बंद असतो. ज्या चार महिन्यांसाठी हे सगळं झालं, त्याच चार महिन्यांत दाराला कुलूप. किमया आता रोह्याला खेळते, एका शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. इंदुबाई तिला सकाळी वडखळ नाक्यावर एसटीत बसवून देते आणि अंधार पडताना घ्यायला जाऊन उभी राहते. लोक बोलायचे ते बोलले आणि थकले. कमळाकरला जे होणार नाही असं वाटलं होतं ते रोज होतं आहे.

परवा कॉलेजांचे सामने होते म्हणून ती पहिल्यांदाच इथं आली. ती जिंकली की हरली ते मला भिंतीवरून दिसलं नाही. सामना संपल्यावर सगळ्या मुली निघून गेल्या आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या वरच्या फळीवर, वॉर्निशाला पोपडे पाडून, मिठाची पांढरी रेघ वर आली आहे. पट्टीच्या वर दोन बोटं. लाकडात मुरलेलं मीठ आहे ते, रंगाखाली किती दिवस राहणार? शिपाई रोज ओल्या फडक्यानं ती पुसतो आणि रोज ती पुन्हा फुटते. तेव्हाही तो पुसायलाच आला होता. किमयानं त्याला थांबवलं. केसातली पिन काढली आणि त्या रेघेवरून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, खोल ओरखडा काढला. शिपाई म्हणाला, ताई, हे काय करता, साहेब रागावतील.

"पानी इथवर येतं," ती म्हणाली. "कोनी विचारलं तर सांगा, कमळाकरच्या पोरीनं लिहिलंय."

मग तिनं फळीवर तळहात ठेवला, बाप ठेवायचा तसा, आणि ती एसटी गाठायला गेली.

मित्रांनो, दाराला तेल द्या, लाकूड जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला कमळाकरनं पुष्कळ तेल दिलं, पुष्कळ जपलं, आणि तरीही असं झालं. माझं मागणं लहान आहे. तुम्ही उद्या मोठे व्हाल. कोणी साहेब बनेल, कोणी पैसे देणारा, कोणी नुसता शेजारी उभा असलेला गावकरी. कधीतरी तुम्हाला कोणी विचारील की पाणी कुठवर येतं. तेव्हा तुमच्या माणसांवर तुमचं कितीही प्रेम असलं, तरी ते जिथवर येतं तिथंच हात ठेवा. आणि इथं खेळायला आलात तर आत शिरण्याआधी एकदा माझ्याकडे बघा. रेघ वरच्या फळीवर आहे.